लंगडणारें मूल आणि शल्यवैद्य

खडकीचें नांव काढलें कीं पुणेकरांच्या डोळ्यांपुढें छावणी, दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्करी रुग्णालय उभें राहतें. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, जायबंदी शिपायांना धंदेशिक्षण देण्यासाठीं निघालेली क्वीन मेरी तांत्रिक संस्था हीहि खडकीचीच. युद्धांमुळें अस्थिशल्यशास्त्राला बहर आला हें खरें. पण त्या शास्त्राचें बारसें झालें तें शिपायासाठीं नव्हे. फ्रेंच वैद्य आंद्री यांनीं १७४१ सालीं ‘ऑर्थोपीडी’ हा शब्द बनविला तो ‘सरळ’ आणि ‘मूल’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून. शिपायाचें हाड वाढून संपलेलें असतें. मुलाचें हाड वाढत असतें, आणि शल्यवैद्याची खरी कसोटी तेथेंच लागते.

ही कसोटी खुब्याच्या एका विकारांत विशेष दिसते. चार ते आठ वर्षांचें, एरव्हीं हुंदडणारें मूल, बहुधा मुलगा, लंगडूं लागतें. दुखतें पुष्कळदा गुडघ्यांत. रोग मात्र खुब्यांत. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढें हाड मरतें. पूर्वीं अशा मुलाला खुब्याचा क्षय झाला असें समजत. १८९५ मध्यें राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हां कोठें हा भेद डोळ्यांना दिसण्याजोगा झाला. १९१० सालीं अमेरिकेंत लेग, फ्रान्समध्यें काल्वे व जर्मनींत पेर्थेस यांनीं हा विकार वेगवेगळा वर्णिला. स्वीडनच्या वाल्डनस्ट्रोम यांनीं वर्षभर आधींच लिहिलें होतें, पण क्षय म्हणून. रोगाच्या नांवांत त्यांचें नांव आलें नाहीं तें बहुधा यामुळेंच.

नवल हें कीं मेलेलें हाड पुन्हां जिवंत होतें. दोन-चार वर्षांत नवें रक्त येतें, नवें हाड भरतें. मग भय कसलें? मधल्या काळांत गोळा ओल्या मातीसारखा असतो. उखळीबाहेर सरकला कीं चपटा होतो. त्याची वाढीची कूर्चा दुखावली तर हाडाची मान आंखूड राहते. शेजारच्या उंचवट्याची कूर्चा निराळी आणि निरोगी. तो वाढतच राहतो. त्याला जोडलेले स्नायु सैल पडतात, आणि मूल त्या पायावर उभें राहिलें कीं कंबर दुसऱ्या बाजूस ढळते.

कित्येक दशकें उपाय एकच होता: पायावर भार देऊं नये. पोरें वर्षानुवर्षें अंथरुणांत नाहीं तर लोखंडी पट्ट्यांत अडकून पडत. बाळपण गेलें तें गेलेंच. पुढें विचार पालटला. उखळी हाच सांचा, गोळा त्यांत बसवून ठेवावा. टोरांटोच्या साल्टर यांनीं १९५७ मध्यें कमरेचें हाड कापून उखळी गोळ्यावर झुकविली. ही शस्त्रक्रिया जन्मजात निखळलेल्या खुब्यासाठीं होती, ती पुढें या रोगांतहि आली. इतरांनीं मांडीचेंच हाड कापून गोळा आंत वळविला. या दुसऱ्या रीतींत पाय थोडा आंखूड होतो व तो उंचवटा आणखी वर जातो. एक दुखणें काढतांना दुसरें पदरीं!

या कोड्यावर मोलाचें काम झालें तें कोंकणाच्या दक्षिणेस, उडुपी-मणिपाळच्या किनाऱ्यावर. तेथें हा रोग बराच आढळतो, आणि युरोपांतल्यापेक्षां मोठ्या वयांत जडतो. म्हणजे बिघडलेला गोळा सुधारण्यास वाढीचीं वर्षें थोडीं उरतात. डॉ. बेंजामिन जोसेफ यांनीं ६१० मुलांचा अभ्यास २००३ मध्यें प्रसिद्ध केला. मेलेल्या हाडाचे तुकडे होऊं लागल्यावर, त्या अवस्थेच्या उत्तरार्धांत, गोळा जोरानें बाहेर सरकतो. म्हणून शस्त्रक्रिया त्याआधींच व्हावी, असें त्यांतून दिसलें. मांडीचें हाड वळवितांनाच उंचवट्याची कूर्चा बंद करण्याचा उपाय मणिपाळच्या वैद्यांनीं २००९ मध्यें मांडला. तो सर्वांना नसला तरी पुष्कळांना लागू पडला. वाढ संपत आली असेल तर कूर्चा बंद करून उपयोग नसतो. मग उंचवटाच कापून खालीं बसवितात.

सहा वर्षांच्या आंतल्या मुलाला मात्र बहुधा शस्त्र लागत नाहीं. कांहीं कांहीं महिन्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढायचें आणि आईबापांनीं वाट पाहायची.