लिनक्सवरील संकेतस्थळ आणि बाहेरचा डेटाबेस

संकेतस्थळ लिनक्सवर आणि हिशेबाच्या साऱ्या नोंदी मात्र विंडोजवरील ‘एसक्यूएल सर्व्हर’मध्ये, अशी जोडी अनेक कंपन्यांत आढळते. संकेतस्थळासाठी लिनक्स, अपाची आणि पीएचपी हे त्रिकूट स्वस्त व भरवशाचे. ग्राहक, माल व देयके यांची माहिती मात्र आधीपासूनच मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये साठलेली. ग्राहकाला आपल्या मागणीची स्थिती घरबसल्या दिसावी असे ठरले की या दोहोंचे सूत जुळवणे भाग पडते. वरवर पाहता काम चार ओळींचे आहे: यंत्राचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द आणि डेटाबेसचे नाव. प्रत्यक्षात या चार ओळींपायी दोन-दोन दिवस खर्ची पडतात. स्क्रिप्ट आणि डेटाबेस यांच्यामध्ये अनेक पहारेकरी उभे असतात आणि प्रत्येकाची अडवण्याची तऱ्हा निराळी असते.

डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर यातले फारसे काही जाणवत नाही. लिनक्सवर मायएसक्यूएलला ‘लोकलहोस्ट’ असे सांगितले की जोडणी नेटवर्कवरून होतच नाही; ती ‘सॉकेट’ नावाच्या एका फाइलमार्फत होते. म्हणूनच डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर हलवताच, कालपर्यंत विनातक्रार चालणारी स्क्रिप्ट अडखळते.

दोन यंत्रांच्या संभाषणाला समान बोली लागते. एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा झाली. पण प्रश्न आणि उत्तरे तारेवरून कोणत्या रूपात धाडायची, याचे नियम प्रत्येक डेटाबेसचे वेगळे. एसक्यूएल सर्व्हरच्या नियमांना ‘टॅब्युलर डेटा स्ट्रीम’ किंवा ‘टीडीएस’ म्हणतात. ते मूळचे सायबेस या कंपनीचे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सायबेसशी केलेल्या भागीदारीतून जन्मला आणि नव्वदच्या दशकात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यावरही ही बोली दोन्ही घरांत टिकून राहिली. लिनक्ससाठी तिचा मुक्त अवतार म्हणजे ‘फ्रीटीडीएस’. मायक्रोसॉफ्टने हे नियम २००८ मध्ये जाहीर केले; तोवर फ्रीटीडीएसच्या कर्त्यांना तारेवरून जाणारे बाइट न्याहाळूनच बरेचसे व्याकरण शोधावे लागले होते.

दुसरा मार्ग ‘ओडीबीसी’चा. डेटाबेस कोणताही असो, स्क्रिप्टने एकाच पद्धतीने बोलावे आणि अनुवाद ‘ड्रायव्हर’ने करावा, ही त्यामागची कल्पना. लिनक्सवर हे काम ‘युनिक्सओडीबीसी’ सांभाळते. त्याच्या एका फाइलीत ड्रायव्हर कुठे आहे ते लिहायचे, दुसरीत डेटाबेसचा पत्ता. पुढे मायक्रोसॉफ्टनेही लिनक्ससाठी स्वतःचा ड्रायव्हर दिला आणि २०१७ मध्ये तर एसक्यूएल सर्व्हरच लिनक्सवर आणला. पीएचपीमधील जुनी ‘एमएसएसक्यूएल’ फंक्शने मात्र २०१५ च्या अखेरीस आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. नव्या कामासाठी २००५ पासून उपलब्ध असलेला ‘पीडीओ’ हाच योग्य पर्याय होय. त्यात प्रश्नाचा साचा आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती वेगवेगळी देता येते. माहितीच्या रकान्यातून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याच्या चोरवाटेला त्यामुळे मोठा पायबंद बसतो.

ड्रायव्हर बसवल्यावर पहिली चाचणी संकेतस्थळावरून घेऊ नये. फ्रीटीडीएससोबत येणारे ‘टीएसक्यूएल’ किंवा युनिक्सओडीबीसीचे ‘आयएसक्यूएल’ वापरून आधी आज्ञापटलावरून जोडणी करून पाहावी. येथे मिळणारे उत्तर बोलके असते. जोडणी तत्काळ नाकारली गेली तर त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकतच नाही. एसक्यूएल सर्व्हरचे पोर्ट सहसा १४३३, मायएसक्यूएलचे ३३०६. उत्तराविना नुसतीच वाट पाहावी लागली तर वाटेत कुठेतरी ‘फायरवॉल’ निरोप गिळून टाकत असावी. आणि ‘लॉगिन फेल्ड’ असा संदेश आला तर ती एका अर्थी शुभवार्ताच, कारण निरोप दारापर्यंत पोहोचला आहे.

सर्वांत चकवणारा प्रसंग यापुढचा. आज्ञापटलावरून सारे सुरळीत, ब्राउझरमधून मात्र जोडणी नाही. रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर याचे कारण बहुधा ‘एसई लिनक्स’ असते. वेबसर्व्हर उद्या कोणाच्या हाती पडला तरी त्याने इतर यंत्रांवर चाल करून जाऊ नये, म्हणून ही यंत्रणा त्याला स्वतःहून बाहेर जोडणी करू देत नाही. डेटाबेसपुरती परवानगी देणारी वेगळी कळ तिच्यात आहे, तेवढीच उघडावी. वैतागून संपूर्ण एसई लिनक्स बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये.

घाईचे खरे मोल फायरवॉलपाशी चुकवावे लागते. जोडणी होईना म्हणून डेटाबेसचे पोर्ट साऱ्या जगाला मोकळे करण्याचा मोह होतो आणि ‘तात्पुरते’ म्हणून उघडलेले दार तसेच राहते. मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाचा जंतू १४३३ या पोर्टवर दारे ठोठावत फिरला आणि ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याला परवलीचा शब्दच नसलेल्या यंत्रांत शिरला. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ आला. अवघ्या ३७६ बाइटांचा हा जंतू एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या पोर्टमधून घुसला. त्याने सुमारे ७५ हजार यंत्रे ग्रासली, त्यांपैकी बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. बँक ऑफ अमेरिकाची एटीएमदेखील काही काळ ठप्प झाली. त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच उपलब्ध करून दिला होता.

म्हणून पोर्ट केवळ वेबसर्व्हरच्या पत्त्यासाठी उघडावे आणि वाट सार्वजनिक इंटरनेटवरून जात असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएचचा बोगदा वापरावा. स्क्रिप्टसाठी वेगळे खाते असावे. मागणीची स्थिती दाखवण्यापुरते काम असेल तर त्याला केवळ वाचण्याचा अधिकार पुरतो. परवलीच्या शब्दाची फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवावी. ‘इन्क’ असा प्रत्यय दिलेली फाइल अपाची अनेकदा साध्या मजकुरासारखी वाचकाच्या हाती देतो, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे याखेरीज आणखी एक अडचण असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे ‘कोडपेज’ नाही. तेव्हा मजकूर ‘एनव्हारकॅर’ प्रकारच्या रकान्यातच ठेवावा लागतो. ‘व्हारकॅर’मध्ये तो मावण्याची सोय २०१९ च्या आवृत्तीपासून आणि तीही यूटीएफ-८ निवडल्यासच झाली. थेट लिहिलेल्या मजकुरापूर्वी ‘एन’ हे अक्षर राहून गेले, तरी ‘कृष्णा’ या नावाची सहा प्रश्नचिन्हे होतात. फ्रीटीडीएसच्या फाइलीत अक्षरसंच यूटीएफ-८ आणि टीडीएसची आवृत्ती ७ किंवा पुढची असायला हवी. ४.२ ही जुनी आवृत्ती वापरली तर युनिकोड मिळत नाहीच, शिवाय २५५ अक्षरांपलीकडचा मजकूरही कापला जातो.

पडद्यावर परक्या लॅटिन अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरू नये. मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि मजकूर परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हे एकदा डेटाबेसमध्ये साठली की मात्र मूळ नाव गेलेच. यासाठी खऱ्या नोंदी सुरू करण्यापूर्वी जोडाक्षरे असलेले एखादे लांबलचक नाव स्क्रिप्टमधून डेटाबेसमध्ये पाठवावे, विंडोजवरील यंत्रावर जाऊन ते डोळ्यांनी पाहावे आणि मग पुन्हा संकेतस्थळावर वाचून पाहावे.