अंग बाहेर येणं: दोर की पाणी?

आजीला 'अंग बाहेर येण्याचा' त्रास वीस वर्षं होता. तिने तो फक्त आईला सांगितला, तोही कुजबुजत. मला हे कळलं गेल्या महिन्यात, जेव्हा त्याच त्रासासाठी आईच्या ऑपरेशनची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं, माझ्यातला इंजिनीयर जागा झाला आणि हा वीकांत पुस्तकांत गेला.

प्रश्न साधा आहे. गर्भाशय जागच्या जागी राहतं कशाने? १८९५ मध्ये माकेनरोट या जर्मन डॉक्टरने गर्भाशयमुखापासून कटिराच्या बाजूच्या भिंतींकडे जाणारे पट्टे दाखवले आणि सगळं श्रेय त्यांना दिलं. १९०७ मध्ये व्हिएन्नाचे हालबान आणि टांडलर म्हणाले, छे! खरा आधार खालच्या स्नायूंचा.

गंमत म्हणजे या पट्ट्यांना 'लिगामेंट' म्हणतात, पण गुडघ्यातल्या लिगामेंटशी त्यांचं फारसं साम्य नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं कोलॅजनचं सैलसर जाळं आणि त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, चरबी, थोडे अनैच्छिक स्नायू. थोडक्यात, वायरिंगच्या पाइपलाच छत टांगलंय!

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन डीलान्सी यांनी शवविच्छेदनांवरून आधाराचे तीन स्तर मांडले. वर टांगणारे पट्टे, मध्ये दोन्ही बाजूंना ताणून बांधलेला पडदा, आणि खाली आसपासच्या स्नायूंशी एकजीव झालेला भाग. डॉक्टरांची आवडती उपमा गोदीतल्या बोटीची. पाणी म्हणजे स्नायू, दोर म्हणजे पट्टे. बाळंतपणात स्नायूंना इजा झाली की पाणी उतरतं, भार दोरांवर येतो आणि ते वर्षानुवर्षं ताणत जातात. म्हणजे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते.

दुरुस्तीसाठी धागा कुठला? मूळ गोव्याचे, मुंबईत नाव कमावलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये सैल गर्भाशयमुखाला टाका घालायची पद्धत मांडली, तेव्हा पेशंटच्याच मांडीतल्या फॅशियाची पट्टी वापरली होती. पुढे प्लॅस्टिकच्या जाळ्या आल्या. अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये बंद करायला लावली. त्या सुरक्षित आणि परिणामकारक आहेत हे कंपन्यांना पुरेसं दाखवता आलं नव्हतं.

असो. आई आता बरी आहे. आजीच्या वेळीही उपाय होते. नव्हतं ते फक्त मोठ्याने बोलणं. मंडळी, आज घरी फोन कराल तेव्हा एकदा विचारून बघा.