कोडं नक्की रचलं कोणी?

शब्दकोडं सोडवताना आपण शोधसूत्रावरून शब्दाकडे जातो. रचणारा बरेचदा उलटा येतो. आधी चौकटीत शब्द बसवायचे, मग सूत्रं लिहायची. या उलट्या प्रवासानं एकदा काय घोळ घातला बघा.

मे १९४४. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी ही उत्तरं येऊन गेली. १ जूनला नेपच्यून. सगळी नॉर्मंडीच्या स्वारीतली सांकेतिक नावं, आणि स्वारी ६ जूनला! एमआय-५ची माणसं कोडी रचणाऱ्याच्या दारात हजर. बघतात तर काय, स्ट्रँड स्कूलचे हेडमास्तर! हेरगिरीचं काही निघालं नाही, मास्तर सुटले.

पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, सर आम्हाला रिकाम्या चौकटी भरायला द्यायचे. युद्धामुळे शाळा सरे परगण्यात हलवली होती, जवळच सैनिकांचा तळ. तिथे कानावर पडलेले शब्द पोरांनी चौकटीत बसवले, सूत्रं सरांनी नंतर लिहिली.

हे खरं असेल तर पोरांचा शब्दांचा अभ्यास झाला, पण मास्तरांची मान अडकता अडकता वाचली.

असो. या रविवारी कोडं सोडवू नका, रचून बघा. फक्त शब्द कुठून उचललेत ते लक्षात ठेवा :-)