पाकिटामागचे टीबीचे तिकीट

टीबी सील हा टपाल तिकिटाएवढा, कडांना दाते असलेला, मागे डिंक लावलेला रंगीत कागद. त्याला टपालाची किंमत नसते आणि पत्र पोहोचवण्याच्या कामी तो येत नाही. क्षयरोग्यांच्या मदतीसाठी तो विकला जातो. घेणारा तो पाकिटाच्या मागच्या बाजूला चिकटवतो, वहीत डकवतो किंवा तसाच जपून ठेवतो. भारतात ही विक्री टीबी असोसिएशन ऑफ इंडियाने २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू केली. पुढे गांधीजयंती ते प्रजासत्ताक दिन हा मोहिमेचा काळ ठरून गेला. मोहीम सुरू झाली तेव्हा आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे मुंबई राज्यात पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश या नावांनी नांदत होते. टीबीची तिकिटे म्हणून ओळखला जाणारा हा कागद शाळा आणि सरकारी कचेऱ्यांच्या वाटेने तिथेही गावोगाव पोहोचला.

ही कल्पना डेन्मार्कमधली. एनार होल्बोल हा तिथल्या टपाल खात्यातला कर्मचारी. नाताळात शुभेच्छापत्रांचे ढीग हाताळताना त्याला वाटले की प्रत्येक पत्रावर टपाल तिकिटासोबत आणखी एक स्वस्त तिकीट लागले, तर आजारी मुलांसाठी मोठी रक्कम उभी राहील. राजाची संमती मिळाली आणि १९०४ च्या डिसेंबरात दिवंगत राणी लुईझ हिचे चित्र असलेले पहिले तिकीट विक्रीस आले. त्या एका हंगामात चाळीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. त्या पैशातून पुढे कोल्डिंग येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. १९०७ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात एमिली बिसेल यांनी एका लहान आरोग्यधामाला वाचवण्यासाठी हाच मार्ग धरला. त्यांना तीनशे डॉलर हवे होते, एका सेंटच्या तिकिटांनी त्याच्या दहापट रक्कम जमली. १९०२ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत क्षयरोगविरोधी लढ्याची खूण म्हणून दोन आडव्या दांड्यांचा लाल क्रूस स्वीकारला गेला होता. देशोदेशीच्या सीलवर आणि भारतीय सीलवरही तो दिसतो.

भारतात सील येण्याआधीची चार दशके आरोग्यधामांची होती. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, पण जंतू मारणारे औषध हाती नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगले अन्न हाच उपचार होता. अजमेरजवळ तिलौनिया येथे १९०६ साली देशातले पहिले आरोग्यधाम निघाले. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर सुरू केले, तर मिरजेजवळ मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या मिशनचे आरोग्यधाम होते. खानदेशातल्या रोग्याला ही ठिकाणे फार लांब पडत. भुसावळ किंवा चाळीसगावहून मनमाड, नाशिक करीत खाली जायचे, तिथे महिनोन्‌महिने राहायचे, आणि घरी कमावणारा तोच असला तर मागे सारेच थांबायचे. ज्याच्या घरी शेती किंवा व्यापार भक्कम, त्यालाच हे परवडे. बाकीच्यांसाठी घरातली एक वेगळी खोली किंवा पडवीचा कोपरा, वेगळे ताट आणि वेगळा तांब्या एवढीच सोय होती.

आणि रोग तर वाढतच होता. जळगावच्या खानदेश मिलनंतर अमळनेरला १९०६ साली प्रताप मिल निघाली, मग धुळ्याला न्यू प्रताप मिल आली. कापूस पिकवणाऱ्या मुलखात सूत आणि कापड निघू लागले, ही खानदेशाच्या इतिहासातली अभिमानाची बाजू आहे. पण गिरण्यांभोवती वाढलेल्या दाट वस्त्या, एका खोलीत झोपणारी पाच-सात माणसे, पाळ्यांचे काम आणि अपुरे अन्न हीच क्षयाच्या प्रसाराची परिस्थिती होय. १९४६ साली आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने देशाचे चित्र मांडले. सुमारे पंचवीस लाख रोगी, दरवर्षी सुमारे पाच लाख मृत्यू, आणि त्यांच्यासाठी खाटा मात्र सहा हजारांच्या आसपास. ही तफावत सरकारी पैशाने लवकर भरून निघणारी नव्हती.

टीबी असोसिएशन ऑफ इंडिया १९३९ साली स्थापन झाली. तिच्यामागे व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी लिनलिथगो यांनी केलेल्या आवाहनातून जमलेला निधी होता. तो मुख्यतः संस्थानिक, बडे व्यापारी आणि सरकारी वजन यांच्या बळावर उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर संघटनेची वाट बदलली. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी गांधीजींच्या चिटणीस म्हणून वर्षानुवर्षे काम केले होते. मोठ्यांच्या देणगीऐवजी असंख्य लहान हातांकडून पैसा घ्यायचा आणि त्याचा आरंभ गांधीजयंतीला करायचा, या योजनेवर त्या काळाची छाप स्पष्ट आहे.

महाराष्ट्राला ही रीत परकी नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पैसा फंड काढला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि माणशी एक पैसा जमवत १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. खेडोपाडी धर्मकार्यासाठी मूठ-मूठ धान्य गोळा करण्याची चाल त्याहून जुनी. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा सामान्य शेतकऱ्याच्या सहभागातून मोठे काम उभे राहू शकते हे इथल्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. टीबीच्या तिकिटाने या जुन्या सवयीत एक गोष्ट नवी आणली. पैसे देणाऱ्याच्या हाती बदल्यात एक चित्र राहू लागले.

संघटना दरवर्षी नवे चित्र निवडून तिकिटांचे ताव छापून घेई. ते राज्याच्या क्षयरोगविरोधी संस्थेकडे जात, तिथून जिल्ह्यांकडे, आणि जिल्ह्यातून कचेऱ्या, पंचायत समित्या, शाळा व महाविद्यालयांकडे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शाळांचे जाळे त्यांच्या हाती गेले आणि या वाटपाला सरळ रस्ता मिळाला. जमलेल्या पैशाचा काही भाग मध्यवर्ती संघटनेकडे जाई, बाकीचा राज्यात रोग्यांची मदत, औषधे आणि प्रचार यांवर खर्च होई.

शाळा हा या मोहिमेचा कणा होता, आणि खानदेशात त्याला विशेष अर्थ होता. शिक्षकाने वर्गाबाहेरच्या दुःखातही लक्ष घालावे ही अपेक्षा इथे आधीपासून रुजलेली होती. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवले आणि तिथल्या छात्रालयात आजारी मुलांची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली. त्यांचा आदर्श मानणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्या त्यानंतर झाल्या. अशा शाळांतून मुलाला तिकीट मिळे, त्याबरोबर दोन वाक्येही मिळत: खोकला पंधरा दिवसांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्यावी, आणि हा रोग बरा होतो. मूल ते घरी नेई. ज्या घरात क्षयाचे नाव काढायला लोक कचरत, मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवत, तिथे छापील चित्रावर उघडपणे लिहिलेले हे नाव पोराच्या दप्तरातून आत येई. जमलेली रक्कम मोजता येते, हे दुसरे काम मोजता येत नाही. तरी सीलचे खरे कार्य तेच होते असे म्हणणे योग्य ठरेल.

संग्राहकांनी या तिकिटांना लवकरच आपलेसे केले. टपालाची किंमत नसलेल्या अशा कागदांना तिकीट जमवणारे ‘सिंड्रेला’ म्हणतात. त्यांत क्षयविरोधी सीलचा वर्ग जगभर सर्वांत मोठ्या वर्गांपैकी एक आहे. टपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असे कागद पत्त्याच्या बाजूला लावता येत नाहीत. म्हणून त्यांचा शोध घेणाऱ्याला पाकीट उलटून पाहावे लागते. पूर्ण ताव, छपाईतील चुका, टपालाच्या शिक्क्यासह टिकलेली जुनी पाकिटे यांना अधिक मोल येते. एखादी वस्तू आधी दान म्हणून घ्यायची आणि मग संग्रह म्हणून सांभाळायची, ही ओढ इतर देशांत निराळ्या रूपांत दिसते. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या डोके हलवणाऱ्या छोट्या बाहुल्या अशाच जमवल्या जातात. २०२० च्या साथीत मिलवॉकी येथील अशा बाहुल्यांच्या संग्रहालयाने डॉ. अँथनी फाउची यांची बाहुली काढली आणि प्रत्येक विक्रीमागे पाच डॉलर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मास्कसाठी दिले. पण बाहुली पंचवीस डॉलरची होती. टीबीचे तिकीट चौथीतल्या मुलाच्या खिशाला झेपेल एवढ्याच किमतीचे ठेवले गेले, आणि म्हणूनच त्याची पोच निराळी होती.

या स्वेच्छेच्या तिकिटाशेजारी सक्तीचेही एक तिकीट भारताने पाहिले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा ‘रेफ्यूजी रिलीफ’ तिकीट लावणे बंधनकारक झाले आणि ते ३१ मार्च १९७३ पर्यंत चालले. तो कर होता आणि देशाने तो समजून भरला. टीबीच्या तिकिटाची अडचण वेगळी झाली. कागदोपत्री ते ऐच्छिक होते, पण कचेऱ्यांना आणि शाळांना इष्टांक ठरवून दिले जाऊ लागले. हिशेब वेळेत पुरा करायचा म्हणून मुख्याध्यापक ताव वाटून टाकत, कधी शिक्षक पदरचे पैसे भरत. जिथे तिकिटासोबतची दोन वाक्ये गळाली, तिथे मोहिमेचा आत्मा गेला. इष्टांकाने पैसा आणला असेल, पण मोहिमेची हानीही त्यानेच सर्वांत जास्त केली.

तिकीट विकले जात असताना रोगाचा उपचारच बदलला. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आले, आयसोनायझिड १९५२ मध्ये. मद्रासच्या केमोथेरपी केंद्राने १९५६ पासून केलेल्या तुलनेत घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात असे दिसले. गरिबाच्या दृष्टीने विसाव्या शतकातल्या वैद्यकातला हा सर्वांत मोठा दिलासा होता. पाचगणीला जाण्याची गरज संपली. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, जिल्हा क्षयरोग केंद्रे आली. खाटा उभारण्यासाठी जन्मलेल्या तिकिटाचा पैसा आता घरी असलेल्या रोग्याला औषध चालू ठेवण्यासाठी लागू लागला.

औषध चालू ठेवणे खानदेशात सोपे नव्हते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत अक्कलकुवा आणि धडगाव हे सातपुड्यातले तालुके धुळे जिल्ह्यात होते. भिल्ल आणि पावरा वस्त्या डोंगरात विखुरलेल्या, पावसाळ्यात वाट बंद, आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातकडे ऊसतोडीला जात. गोळ्या सुरू करून दोन महिन्यांत बरे वाटले की माणूस कोयता घेऊन निघे, औषध सुटे आणि रोग अधिक चिवट होऊन परते. शिवाय उपाशी पोटी या गोळ्या सोसत नाहीत. १९९७ पासून सुधारित कार्यक्रमात कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली औषध देण्याची डॉट्स पद्धत आली आणि २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. औषध सरकारकडून विनामूल्य मिळे, पण अन्नाचा प्रश्न राहिलाच.

त्याच काळात पत्रे कमी झाली. फोन आणि मोबाइलने आंतरदेशीय पत्राची जागा घेतली, आणि ज्याच्या पाठीवर चिकटायचे ते पाकीटच घरातून नाहीसे झाले. सील अजून छापले जाते, २ ऑक्टोबरचा आरंभही पाळला जातो, पण मुलांच्या हातातले त्याचे स्थान आता पूर्वीसारखे नाही.

देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते मात्र दुसऱ्या रूपात परत आले. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली रोग्याच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. सप्टेंबर २०२२ मध्ये निक्षय मित्र उपक्रम सुरू झाला. त्यात व्यक्ती, संस्था किंवा कारखाना रोग्याला धान्य, डाळ, तेल यांचा संच पुरवतो. झारखंडमधील रेशन्स अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रोग्याच्या घरातल्या माणसांना पुरेसे अन्न मिळाले तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. सीलचे गल्लोगल्ली जमा केलेले पैसे रोग्याच्या मदतीला लागत होते. निक्षय मित्राने दिलेली डाळ थेट त्याच्या चुलीपर्यंत जाते. जळगाव आणि धुळ्यातही हा उपक्रम जिल्हा क्षयरोग केंद्रांमार्फत चालतो.