वाडे, पुण्यातील : देखभाल आणि जीर्णता

पुण्याच्या जुन्या पेठांतील लाकडी सांगाड्याच्या निवासी इमारतींची झीज आणि डागडुजीचा तिच्यावर होणारा परिणाम. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार या पेठांतले वाडे पेशवाईपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बांधले गेले. त्यांच्या पडझडीचे खापर सरसकट वयावर फोडले जाते. प्रत्यक्षात डागडुजीत पडलेला खंड वयापेक्षा अधिक घातक ठरतो.

काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब व तुळया, मजल्यांना कडीपाट, वर कौले, आणि भिंती विटा-चुन्याच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, अशी सर्वसाधारण बांधणी. भार मुख्यतः लाकूड पेलते. कोरडी राहिलेली मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण भिजली की फुगते आणि सुटते. त्यामुळे वाड्याची देखभाल म्हणजे मुळात पाण्याला आत येऊ न देणे. पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलून शाकारणी करायची, पन्हळी साफ करायच्या, मोरीचे पाणी जोत्यापासून लांब न्यायचे आणि भिंतीत उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच उपटायचा. कामे किरकोळच, पण दरवर्षीची.

ती चुकली की झीज ठरलेल्या वाटेने जाते. कौल सरकते, पाणी वाशावरून तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकापर्यंत पोहोचते. तिथे वारा लागत नाही, म्हणून बुरशी आणि वाळवी तिथूनच सुरुवात करतात. बाहेरून रंगवलेली तुळई ठणठणीत दिसते, आत भुसा झालेला असतो. टोक दबले की मजला कलतो, सांधे उघडतात आणि पाण्याला नव्या वाटा मिळतात.

चुकीची दुरुस्ती कधीकधी दुर्लक्षापेक्षा महाग पडते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, लोणा धरतो आणि गिलावा मातीसकट सुटतो. कडीपाटावर काँक्रीटचा कोबा, त्यावर फरशी, वरच्या मजल्यावर नवे न्हाणीघर आणि टाकी हा भार जुन्या तुळयांच्या हिशेबात नव्हताच. दुकानाला दर्शनी भाग मिळावा म्हणून तळमजल्याची भिंत काढणे हा तर पेठांतला जुना रिवाज.

देखभालीलाही मर्यादा आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे वाडे सरसकट कोसळले. राखलेला आणि न राखलेला असा भेद पुराने केला नाही.

डागडुजी का थांबली, याचे उत्तर बव्हंशी भाड्यात आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ ने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ती त्याच तुटपुंज्या भाड्यावर. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकाची. त्याने नोटिशीनंतरही ती टाळली, तर भाडेकरूला स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. तेवढ्यात सुताराची एक दिवसाची मजुरीही भागत नाही. मालकाला वाडा पडण्यात फायदा आणि भाडेकरूला तो उभा राहण्यात, असा हा पेच आहे. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ उभे राहिले. पुण्याच्या वाड्यांच्या वाट्याला तशी यंत्रणा आली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिसा मात्र येतात, आणि वाड्याला बल्ल्यांचे टेकू लावून बिऱ्हाडे तशीच राहतात.

उलट उदाहरणेही शहरातच आहेत. १८७९ च्या आगीत बुधवार वाडा नामशेष झाला. त्याच वर्षी जळालेला विश्रामबागवाडा दुरुस्त झाला आणि आजही उभा आहे. कसब्यातला अठराव्या शतकातला मुजुमदार वाडा घराण्याने राखल्यामुळे टिकला. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती कोणी करायची, हे ठरलेले होते.

वाड्यांच्या जागी आलेल्या काँक्रीटच्या इमारतींना हाच प्रश्न निराळ्या रूपात पडला आहे. गच्चीतून आणि संडासाच्या नळांतून झिरपलेल्या पाण्याने सळया गंजतात, फुगतात आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी वर्षाला बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के वर्गणी सांगितली आहे. जुन्या संस्थांत हा बांधकामखर्च कित्येक दशकांपूर्वीचा असतो, त्यामुळे किमान दराने जमणारी रक्कम अपुरीच पडते. दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे.