डोंगर राहिला, तरच लेणे राहील

महाराष्ट्रातील लेण्यांचा विषय निघाला, की प्रथम अजिंठा-वेरूळची नावे ओठावर येतात. मात्र, वेरूळचे कैलास लेणे कोरले जाण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, इसवी सनाच्या सहाव्या शतकात, आजच्या मुंबईच्या परिसरात भव्य शिवलेणी आकाराला येत होती. घारापुरी, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही त्यांतील तीन महत्त्वाची स्थाने. पैकी घारापुरी जगाच्या नकाशावर आहे. उरलेली दोन लेणी लोकलच्या स्थानकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही बहुसंख्य मुंबईकरांनी पाहिलेली नाहीत.

तिन्ही लेणी शैव परंपरेतील असून पाशुपत पंथाशी त्यांचा संबंध जोडला जातो. या पंथाचा आचार्य मानल्या गेलेल्या लकुलीशाच्या प्रतिमा येथे आढळतात. नटराज, शिवपार्वती विवाह, कैलास हलविणारा रावण हे विषयही पुन्हा पुन्हा भेटतात. ही लेणी कोणी कोरविली, याचे नेमके उत्तर इतिहासाला देता आलेले नाही. घारापुरीचा एक शिलालेख सोळाव्या शतकात पोर्तुगालला नेण्यात आला आणि पुढे त्याचा मागमूस लागला नाही. तेथे सापडलेल्या नाण्यांच्या आधारे अनेक अभ्यासक हे श्रेय कलचुरी राजवटीला देतात.

घारापुरी : सागराच्या कुशीतील सदाशिव

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडणाऱ्या या बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले, ते बंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. हा हत्ती १८६४ मध्ये मुंबईत आणण्यात आला. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

मुख्य लेण्यातील सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुख शिवप्रतिमा ‘त्रिमूर्ती’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची नसून सदाशिवाची आहे, असे अभ्यासक सांगतात. मधले मुख ध्यानमग्न, एका बाजूचे उग्र, तर दुसऱ्या बाजूचे स्त्रीसुलभ सौम्य. तिच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगाधर शिव आहे. जवळच चार द्वारांचे, द्वारपालांनी वेढलेले शिवलिंगाचे गर्भगृह आहे. युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. विशेष म्हणजे, याच बेटावरील गावांत वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

जोगेश्वरी : वस्तीच्या गराड्यात

जोगेश्वरी पूर्वेला पायऱ्या उतरून खाली गेले, की शहराचा कोलाहल एकाएकी मागे पडतो. पूर्व-पश्चिम पसरलेले हे लेणे लांबीच्या दृष्टीने देशातील सर्वांत मोठ्या हिंदू लेण्यांत गणले जाते. अमेरिकी कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी ते घारापुरीच्याही आधीचे मानले आहे. वीस स्तंभांच्या मंडपात मध्यभागी गर्भगृह असून तेथे जोगेश्वरी देवीची पूजा होते. अनेक कुटुंबांची ती कुलदेवता. उपनगराला नाव मिळाले तेही तिच्यावरूनच.

येथील शिल्पे मात्र ओळखू न येण्याइतकी झिजली आहेत. खडक मुळात ठिसूळ. ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे एकत्र घट्ट होऊन तो बनलेला आहे. त्यात पावसाळ्यात झिरपणारे पाणी, दमट हवा आणि भोवतालच्या दाट वस्तीचे सांडपाणी यांची भर पडली. द्वारपट्टीवरील आकृती पाहताना हात, मुकुट, आसन यांचा अंदाजच बांधावा लागतो.

मंडपेश्वर : राजवटी बदलल्या, लेणे राहिले

बोरिवली पश्चिमेच्या मंडपेश्वर लेण्याने सत्तांतराचे घाव सोसले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी त्याचे चर्चमध्ये रूपांतर केले. वरच्या बाजूस त्यांनी बांधलेल्या मठाचे भग्नावशेष आजही दिसतात. पुढे वसईच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली. लेण्यात नटराजाचे शिल्पपट तुलनेने सुस्थितीत आहे, तर दर्शनी भागातील भिंतीवर क्रूस कोरलेला दिसतो. एकाच दगडावर इतिहासाचे दोन अध्याय वाचता यावेत, अशी ठिकाणे विरळाच.

छप्पर म्हणजे डोंगर

या वारशाचे जतन कठीण का, याचे उत्तर लेण्याच्या रचनेतच आहे. मंदिर बांधले जाते, लेणे कोरले जाते. कारागीर आधी छत कोरीत आणि मग खाली सरकत. एखादा स्तंभ तुटला तर नवा दगड बसवून मूळचे लेणे परत येत नाही. बांधीव वास्तूचे छप्पर गळले तर ते बदलता येते. लेण्याचे छप्पर म्हणजे अख्खा डोंगर. माथ्यावर पडलेले पाणी कोणत्या भेगेतून कोठे उतरेल, हे डोंगरच ठरवितो. म्हणूनच माथ्यावरील बांधकाम, गटारे आणि वृक्षांची मुळे हे केवळ सौंदर्याचे प्रश्न राहत नाहीत. लेण्याचे आयुष्य त्यांवर अवलंबून असते. घारापुरीला समुद्राने आणि बेटाच्या वनराईने राखले. उपनगरातील लेण्यांना असे कुंपण लाभले नाही.

तिन्ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून, त्यापुढील २०० मीटरच्या क्षेत्रात परवानगी बंधनकारक आहे. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मात्र, कायद्याच्या या रेषेच्या आत माणसेही राहतात. त्यांची घरे जुनी होतात, पुनर्विकास अडतो आणि मग लेणे म्हणजे गळ्यातील लोढणे, अशी भावना बळावते. शेजाऱ्यांना परके वाटणारे स्मारक केवळ पहारेकऱ्याच्या भरवशावर टिकत नाही. सांडपाण्याची स्वतंत्र व्यवस्था, बाधितांचे योग्य पुनर्वसन आणि दुरुस्तीच्या अर्जांचा वेळेत निकाल या गोष्टी मूर्तींच्या रासायनिक स्वच्छतेइतक्याच संवर्धनाचा भाग मानल्या, तरच मार्ग निघू शकेल.

कसे जाल, काय पाळाल?

घारापुरीसाठी गेटवे ऑफ इंडियाहून लाँच मिळते. प्रवास सुमारे तासाभराचा. लेणी सोमवारी बंद असतात. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. जोगेश्वरीसाठी पश्चिम रेल्वेच्या जोगेश्वरी स्थानकावर पूर्वेला, तर मंडपेश्वरसाठी बोरिवली किंवा दहिसर स्थानकावर पश्चिमेला उतरून रिक्षा करावी. सकाळच्या तिरप्या उन्हात शिल्पांचे उठाव अधिक स्पष्ट दिसतात.

शिल्पांना हात लावू नये. हाताचा घाम आणि तेलही दगडाला अपायकारक ठरते. तेल, कुंकू, कापूर यांचा वापर पूजेच्या जागेपुरताच ठेवावा, कारण काजळी एकदा छतावर बसली की सहजी निघत नाही. भिंतीवर नाव कोरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ज्यांनी ही लेणी घडविली, त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आज ज्ञात नाही.