डेन्मार्कची ‘डिजिटल पोस्ट’ : पत्र पोहोचले, असे केव्हा मानायचे?

शासकीय पत्रव्यवहार संगणकावर नेण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. मात्र तो नागरिकांसाठी कायद्याने सक्तीचा करणारे देश मोजकेच. डेन्मार्क हा त्यांपैकी एक. यासंबंधीचा कायदा तेथील संसदेने २०१२ मध्ये संमत केला. १ नोव्हेंबर २०१३ पासून उद्योग-व्यवसायांना आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून पंधरा वर्षे व त्यावरील नागरिकांना ‘डिजिटल पोस्ट’ ही सरकारी टपालपेटी बंधनकारक झाली. केंद्रीय खाती, सार्वजनिक रुग्णालये आणि देशातील ९८ नगरपालिका आपली पत्रे या पेटीत पाठवतात. पेटी उघडण्यासाठी पूर्वी ‘नेमआयडी’ लागत असे. आता त्याची जागा ‘मिटआयडी’ या राष्ट्रीय डिजिटल ओळखीने घेतली आहे.

या व्यवस्थेचे मर्म एका कायदेशीर तरतुदीत आहे. पत्र पेटीत उपलब्ध होताच ते नागरिकाला मिळाले, असे मानले जाते. त्याने ते उघडले की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. साहजिकच, न वाचलेल्या नोटिशीचे परिणामही त्यालाच भोगावे लागतात.

म्हणूनच सवलतीची तरतूद महत्त्वाची आहे. अपंगत्व, घरी संगणक नसणे किंवा भाषेची अडचण अशा कारणांसाठी नगरपालिकेच्या नागरिक सेवा केंद्रात अर्ज करून सूट मिळवता येते. अशा व्यक्तींना पत्रे कागदावरच पाठवली जातात. ज्येष्ठांना आपली पेटी पाहण्याची मुभा मुलांना अथवा नातलगांना देता येते.

डिजिटल व्यवहारांचा परिणाम टपालखात्यावरही झाला. २००० मध्ये सुमारे १४० कोटी असलेली वार्षिक पत्रसंख्या २०२४ मध्ये ११ कोटींवर आली. १६२४ पासून चालत आलेली टपालखात्याची पत्रवाटप सेवा डिसेंबर २०२५ अखेर बंद झाली. उरलेल्या पत्रांचे वाटप आता खासगी कंपनीकडे आहे.

भारतातही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये असेच तत्त्व आहे. उभयतांत वेगळे काही ठरले नसेल, तर प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणकीय पत्त्यावर संदेश पोहोचला, की तो मिळाला असे धरले जाते. नगरपालिकांच्या नोटिसा जसजशा मोबाइल आणि ई-मेलवर येतील, तसतसा हा मुद्दा आपल्याकडेही कळीचा ठरेल. पत्र पाठवणे यंत्राला सोपे झाले आहे. ज्याला ते वाचता येत नाही, त्याच्यासाठी सेवा केंद्राची खिडकी उघडी ठेवणे हे मात्र स्थानिक प्रशासनाचेच काम राहते.